मधला माणूस

चार वर्षांपूर्वी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी आमच्या शाळेची एकवीस मुलं घेऊन मी मुंबईला गेलो होतो. रात्रभर एस.टी., सकाळी दादरला वडापाव, आणि अकराच्या सुमारास दक्षिण मुंबईतल्या एका नावाजलेल्या गॅलरीत. भिंतींवर मोठमोठी अमूर्त चित्रं होती. दोन मिनिटांत माझी सहा-सात मुलं एका चित्रासमोर ओळीनं उभी राहिली. त्यांनी एक डोळा मिटला, हात ताठ पुढे केला आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत त्या चित्राचं माप घ्यायला सुरुवात केली. सुरक्षारक्षक धावतच आला. "पेन्सिल आत ठेवा, पेन्सिल!"

आधी मला हसू आलं. मग लाज वाटली, कारण ते माप घेणं मीच शिकवलेलं. टेबलावर तांब्या, त्याच्या शेजारी पेरू, मागे पडदा. तांब्याच्या उंचीत पेरू किती वेळा बसतो ते मोज. चित्रासमोर उभं राहिल्यावर काय करायचं असतं, याचं एवढं एकच उत्तर मुलांच्या हाताशी होतं आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे वापरलं.

दाराशी टेबल टाकून चित्रकार बसले होते. समोर अभिप्रायवही, फुलदाणी, कार्डांचा गठ्ठा. एका मुलीनं धीर करून त्यांना विचारलं, "काका, हे काय आहे?" ते भला माणूस असावेत. प्रेमानं म्हणाले, "तुला जे दिसतं ना बाळा, तेच." मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग तिनं वहीत लिहिलं, 'चित्रे खूप छान आहेत.' अक्षर सुरेख. अक्षरलेखन तर आम्ही घोटूनच घेतो.

'तुला दिसतं तेच' हे वाक्य ऐकायला उदार वाटतं. पण ज्याला कुणी बघायला शिकवलेलं नाही त्याला ते सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला 'पाणी तुझंच आहे' म्हणण्यासारखं आहे. त्या दिवशी गॅलरीत चित्रं होती, चित्रकार होता, रक्षक होता, बघणारे होते. चित्र आणि मुलगी यांच्यामध्ये उभं राहून दोन वाक्यं बोलणं हे ज्याचं काम, असा माणूस तेवढा नव्हता. जगात त्याला क्युरेटर म्हणतात. आपल्याकडे तो का नाही आणि का हवा, एवढंच मला मांडायचं आहे.

शब्दापासूनच आपली अडचण सुरू होते. सरकारी जाहिरातीत हे पद 'अभिरक्षक' असतं. ऐकलं की किल्ल्यांचा जुडगा आणि डेडस्टॉक रजिस्टर डोळ्यांपुढे येतं. दुसऱ्या टोकाला 'क्युरेटेड' साड्या आणि 'क्युरेटेड' थाळ्या निघाल्या आहेत, म्हणजे कुणीतरी निवडून मांडल्या एवढंच. मधला जो खरा अर्थ, की एखाद्यानं विचार करून, अभ्यास करून, धोका पत्करून कलाकृती एकमेकींशेजारी ठेवायच्या आणि त्यातून लोकांशी काहीतरी बोलायचं, त्याला मराठीत शब्दच रुजला नाही. शब्द नाही कारण माणूस दिसला नाही.

आमच्या चित्रकार मित्रांचा आक्षेप याहून तिखट आहे. ते म्हणतात, चित्र स्वतः बोलतं, मध्ये दलाल कशाला? क्युरेटर म्हणजे विमानानं हिंडणारा, अवघड इंग्रजी लिहिणारा, ठरावीक दहा नावं सगळीकडे फिरवणारा. हे चित्र सर्वस्वी खोटं नाही. म्हणूनच ज्याच्यावर हे सगळे आरोप झाले त्याच माणसाची कारकीर्द उघडून पाहावी असं मला वाटतं. त्याचं नाव ओक्वी एन्वेझोर.

जन्म १९६३, नायजेरियातल्या कालाबारचा. लहानपणी बियाफ्राचं युद्ध, म्हणजे नायजेरियातली यादवी, त्यात इग्बो जमातीच्या कुटुंबांची झाली ती फरपट त्याच्याही वाट्याला आली. १९८२ साली न्यूयॉर्कला गेला आणि पलीकडच्या जर्सी सिटीत राज्यशास्त्राची पदवी घेतली. कलेची पदवी नाही, कलेतिहासाची तर नाहीच. तो कविता लिहायचा आणि न्यूयॉर्कच्या कॅफेंमधून वाचायचा. शहरातली संग्रहालयं, गॅलऱ्या बघत हिंडताना त्याला एक गोष्ट खटकत राहिली: आफ्रिका असते ती मुखवट्यांच्या दालनात. आज जिवंत असलेला, आज काम करणारा आफ्रिकी चित्रकार जणू अस्तित्वातच नाही. मग १९९४ साली त्यानं काही मित्रांबरोबर एक नियतकालिक काढलं. नाव 'न्का'. इग्बोत न्का म्हणजे कला.

ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटायचं कारण नाही. कवीनं घरातल्या घरात अनियतकालिक काढायचं आणि त्यातून रुजलेल्या व्यवस्थेला धडका मारायच्या, हे आपण साठच्या दशकात मुंबईत पाहिलं आहे. पुढे सतीश नाईक यांचं 'चिन्ह' हे चित्रकलेचं नियतकालिक निघालं, तेही एकहाती वेडानंच. फरक पुढे पडतो. न्यूयॉर्कच्या त्या कवीसाठी दोन वर्षांत गुगनहाइम संग्रहालयाचं दार उघडलं. १९९६ साली तिथे तीस आफ्रिकी छायाचित्रकारांचं प्रदर्शन झालं, ते उभं करणाऱ्या चौघांत तो होता. आपल्याकडच्या वेड्यांसाठी कुठलं दार उघडलं? अंक निघाले, गाजले, रद्दीच्या दुकानात दुर्मीळ झाले.

त्या प्रदर्शनात मालीची राजधानी बामाको इथल्या सेदू केइता यांची छायाचित्रं होती. नक्षीदार कापडाचा पडदा मागे सोडून, अंगणातल्या उजेडात काढलेले शहरातल्या गिऱ्हाइकांचे फोटो. कुणी हातात रेडिओ धरलेला, कुणी मनगटावरचं घड्याळ दिसेल असा बसलेला. आपल्या तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत, ताजमहालाच्या पडद्यापुढे, उसना कोट घालून काढलेले आपल्या आजोबांचे फोटो आठवा. तेच ते. पण आपल्या आजोबांचा फोटो देवघराशेजारी लटकतो आणि केइतांच्या गिऱ्हाइकांचा फोटो नव्या आफ्रिकेचं आत्मभान म्हणून अभ्यासला जातो. मधे कुणीतरी येऊन 'हे बघा, हे असं बघा' म्हणालं म्हणून. चित्र स्वतः बोलतं हे खरं आहे, पण ते कुठल्या खोलीत, कुणाच्या शेजारी बोलतं यावर ऐकू येणं ठरतं.

पुढच्याच वर्षी तो सपशेल आपटला. १९९७चं दुसरं जोहान्सबर्ग बिएनाले त्याच्या हाती होतं. बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन. विषय व्यापारी मार्ग, त्यांचा इतिहास आणि भूगोल. वास्को द गामानं केप ऑफ गुड होप ओलांडून गोव्याकडे, मलबारकडे येणारा रस्ता मोकळा केला त्याला नेमकी पाचशे वर्षं झाली होती. कल्पना दमदार, जगभरचे कलावंत हजर. पण वर्णद्वेषी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या त्या शहराला वेगळेच प्रश्न पडले होते. स्थानिक कलावंत म्हणाले, हे आमच्यासाठी नाही, पाहुण्यांसाठी आहे. नगरपालिकेकडचे पैसे आटले आणि प्रदर्शन ठरल्या तारखेच्या महिनाभर आधीच बंद पडलं. तिसरं बिएनाले झालंच नाही.

मला या माणसाबद्दल खरा आदर वाटतो तो या जागी. अपयशातून तो काय शिकला ते त्याच्या पुढच्या कामात स्वच्छ दिसतं. कासेल हे जर्मनीतलं मध्यम आकाराचं गाव. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत भाजून निघालेलं. तिथे १९५५पासून दर काही वर्षांनी 'डॉक्युमेंटा' नावाचं शंभर दिवसांचं प्रदर्शन भरतं, आणि समकालीन कलेत त्याच्याएवढा दबदबा दुसऱ्या कशाचा नाही. २००२च्या अकराव्या डॉक्युमेंटाची सूत्रं एन्वेझोरकडे आली. युरोपाबाहेरचा माणूस त्या खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होता. त्यानं काय केलं? प्रदर्शनाच्या सव्वा वर्ष आधी शिकवणी सुरू केली.

शिकवणी हा माझा शब्द. त्यानं त्यांना 'मंच' म्हटलं. पाच मंच, त्यांतला पहिला व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये, लोकशाहीवर. तिसरा कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर, सरमिसळ झालेल्या भाषा-संस्कृतींवर. चौथा लागोसमध्ये, चार आफ्रिकी शहरांवर. आणि दुसरा, मे २००१ मध्ये, आपल्या दिल्लीत. विषय होता अत्याचारांनंतरचा न्याय, सत्यशोधन आणि समेट. नाव दिलं होतं 'सत्याचे प्रयोग', गांधीजींकडून थेट उचललेलं. दक्षिण आफ्रिकेतला सत्य आणि समेट आयोग त्या वेळी सगळ्यांच्या मनात ताजा होता. इतिहासकार, कायदेतज्ज्ञ, फाळणीच्या साक्षी गोळा करणाऱ्या उर्वशी बुटालिया यांच्यासारख्या अभ्यासक, सगळे बोलले. भिंतीवर चित्र लागायच्या आधी एवढं बोलणं झालं, ते पुस्तकांच्या रूपानं छापलंही गेलं. कासेलचं प्रदर्शन हा फक्त पाचवा मंच होता.

शिक्षक म्हणून मला ही रचना ओळखीची वाटते. धडा शिकवायच्या आधी वर्गात जमीन तयार करावी लागते. नुसता धडा वाचून दाखवला तर तो डोक्यावरून जातो. आणि जमीन तयार करायला ज्याची त्याची जागा गाठावी लागते, सगळ्यांना एकाच ठिकाणी बोलावून भागत नाही. जोहान्सबर्गनं त्याला हे शिकवलं असणार, असं मी म्हणतो; त्याची साक्ष माझ्याकडे नाही, पण क्रम बघितला की शंका उरत नाही.

प्रदर्शनावर टीका भरपूर झाली. फार राजकीय, फार माहितीपर, व्हिडिओ आणि चित्रपट इतके की ते सगळे पाहून संपवणं कुणाला शक्य नव्हतं. यातलं शेवटचं मला पटतं. प्रेक्षकाच्या पायांची आणि पाठीची दया क्युरेटर मंडळींना क्वचितच येते. पण त्याच प्रदर्शनात अमर कंवर यांची वाघा सीमेवरची फिल्म युरोपातल्या लोकांनी बसून पाहिली. दिल्लीच्या रॅक्स मीडिया कलेक्टिव्ह या कलावंत-गटाचं काम तिथे होतं. आणि थॉमस हिर्शहॉर्न या कलावंतानं मुख्य इमारतीपासून दूर, कामगारांच्या, बऱ्याच अंशी तुर्की कुटुंबांच्या वस्तीत लाकूड, पुठ्ठा आणि चिकटपट्टीचं स्मारक उभारलं होतं, जॉर्ज बताय या फ्रेंच लेखकाचं. त्यात वाचनालय, टीव्ही स्टुडिओ आणि खाण्याची टपरी. बांधलं वस्तीतल्या लोकांनी, मजुरी घेऊन. प्रेक्षकांची गाडीनं ने-आण करायची तीही वस्तीतल्याच पोरांनी. ज्याला कला पाहायची त्याला त्या पोरांच्या शेजारी बसून तिथवर जावं लागे. साडेसहा लाखांच्या आसपास लोक त्या शंभर दिवसांत कासेलला येऊन गेले. त्यातल्या काही जणांना तरी चित्रापेक्षा तो रस्ता आठवत असेल.

नंतरच्या कारकिर्दीतल्या सगळ्याच थांब्यांवर रेंगाळत नाही. २००५ ते २००९ तो सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूटचा अधिष्ठाता होता. १८७१ साली सुरू झालेली, दिएगो रिवेराचं भित्तिचित्र अंगावर वागवणारी ही संस्था २०२२ मध्ये पैशांअभावी बंद पडली. कला महाविद्यालयांचे हाल फक्त आपल्याकडेच होतात असं कुणी समजू नये. २००८ साली दक्षिण कोरियातलं ग्वांगजू बिएनाले त्यानं केलं, त्याचं नाव होतं 'वार्षिक अहवाल'. आपल्याला पतपेढीची सर्वसाधारण सभा आठवते, पण कल्पना छान होती. विषयाची सक्ती न करता, वर्षभरात इतरांनी इतरत्र केलेली प्रदर्शनं त्यानं तिथे पुन्हा मांडली, म्हणजे दुसऱ्याच्या वर्गातला चांगला तास आपल्या वर्गात ऐकवला. त्या कामात त्याचे एक सहकारी होते मुंबईचे रणजित होस्कोटे. तेही कवीच.

२०११ ते २०१८ तो म्युनिकच्या हाउस देर कुन्स्ट या कलादालनाचा संचालक होता. ही इमारत हिटलरनं १९३७ साली 'शुद्ध' जर्मन कलेसाठी उघडली. त्याच वेळी पलीकडे थोड्या अंतरावर आधुनिक चित्रकारांना 'अधःपतित' म्हणून हिणवणारं प्रदर्शन भरवलं होतं. अशा घरात आफ्रिकी संचालक बसतो तेव्हा तो काय करतो? भाषणं देऊन मोकळा होऊ शकला असता. त्यानं इमारतीतलं एक दालन कायमचं त्या इमारतीच्याच इतिहासाला दिलं. कागद, फोटो, नकाशे, पत्रं. चित्र बघायला येणाऱ्यानं आधी हे घर कुणी आणि कशाला बांधलं ते बघावं. आपल्याकडच्या किती वास्तूंमध्ये असं एक दालन काढायला हवं याची यादी वाचकानंच मनात करावी.

आणि मग २०१५चं व्हेनिसचं बिएनाले. डॉक्युमेंटा आणि व्हेनिस, दोन्हीकडे सूत्रं सांभाळलेला त्याच्या आधीचा एकच माणूस होता, स्वित्झर्लंडचा हाराल्ड झेमान. एन्वेझोरनं मुख्य दालनाच्या मध्यभागी एक रंगमंच बांधून घेतला आणि तिथे प्रदर्शन चालू असेपर्यंत रोज मार्क्सचं 'भांडवल' मोठ्यानं वाचायला लावलं. तिन्ही खंड. पत्रकारांनी टर उडवली: बाहेर धक्क्याला अब्जाधीशांच्या बोटी लागलेल्या, आत मार्क्स. टर रास्तच होती. पण ही कल्पना त्याला कशावरून सुचली ते त्यानंच सांगून ठेवलं आहे: शिखांच्या अखंड पाठावरून. ग्रंथ एकट्यानं मनात वाचण्यापेक्षा चारचौघांत, आळीपाळीनं, कानावर पडत राहील असा वाचला तर त्याचं काय होतं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ज्ञानेश्वरीचं पारायण आपल्या गावात दरवर्षी होतं. कळत नाही म्हणणारी म्हातारीसुद्धा मांडवात बसलेली असते आणि चाळीस वर्षांनी तिला कळत असतं. हा माणूस तिथेही शिक्षकच होता. फळ्याऐवजी त्याच्याकडे इमारती होत्या.

मार्च २०१९ मध्ये म्युनिकला कर्करोगानं त्याचा अंत झाला. वय पंचावन्न.

आता इकडे येऊ. आपल्याकडे माणसं नाहीत असं मुळीच नाही. होस्कोटे यांनी २०११ साली व्हेनिसला भारताचं दालन उभं केलं. त्यात झरीना हाश्मी होत्या, गिगी स्कारिया होते. १८९५पासून चालू असलेल्या त्या बिएनालेत आपल्या देशाचं असं रीतसर योजलेलं राष्ट्रीय दालन पहिल्यांदाच दिसत होतं. त्यानंतरचं दालन थेट २०१९ मध्ये. मधली आठ वर्षं काहीच नाही. एक चांगला माणूस एकदा चांगलं काम करतो आणि मागे संस्था उरत नाही, ही आपली जुनी तऱ्हा. कोचीचं बिएनाले सुरू करणाऱ्यांतले बोस कृष्णमाचारी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले. २०१४चे क्युरेटर जितीश कलाट मुंबईचे, जे.जे.चेच. त्यांच्यानंतर सुदर्शन शेट्टी, तेही तिथलेच. म्हणजे माणसं मुंबईत घडतात आणि मांडव कोचीत पडतो. तिथे त्याच्या जोडीला विद्यार्थ्यांचं वेगळं बिएनाले भरतं, मुलांसाठी कलेचा उपक्रम चालतो. केरळ सरकारनं पैसे दिले, भांडणं झाली, तरी चालू राहिलं. महाराष्ट्रात याच्या तोडीचं काय आहे? राज्य कला प्रदर्शन भरतं, बक्षिसं दिली जातात, फोटो निघतात. एखाद्या क्युरेटरला तीन वर्षं देऊन 'यातून काहीतरी सांग' असं कधी म्हटलं गेलं?

२०१९च्याच फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या कार्यक्रमात अमोल पालेकरांचं भाषण मध्येच थांबवण्याचा प्रयत्न झाला. त्यावर आठवडाभर चर्चा झाली, ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याची. ती व्हायलाच हवी होती. पण पालेकर बोलत काय होते? स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाली, आता कुठलं प्रदर्शन लागणार हे इथे ठरणार नाही, दिल्लीत ठरेल, असं ते म्हणत होते. म्हणजे मुद्दा नेमका मधल्या माणसाचाच होता. तो कोण, त्याला कोण नेमतो, तो कुणाला उत्तर देतो? अडवणं लक्षात राहिलं, मुद्दा विरून गेला.

मधल्या माणसाची खुर्ची डळमळीत असते हे मला मान्य आहे, आणि ती फक्त आपल्याकडेच डळमळते असंही नाही. २०२३ साली होस्कोटे डॉक्युमेंटाच्या निवड समितीवर होते. २०१९ मध्ये इस्रायलच्या वकिलातीच्या मुंबईतल्या एका कार्यक्रमाविरुद्धच्या पत्रकावर त्यांनी सही केली होती, ती जर्मनीत उकरून काढली गेली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पाठोपाठ समितीतले उरलेलेही बाहेर पडले. ज्या संस्थेनं एन्वेझोरला सव्वा वर्ष जगभर प्रश्न विचारत फिरू दिलं, तीच संस्था वीस वर्षांनी एका सहीनं हादरली. तेव्हा परदेशात सगळं आलबेल आहे अशी माझी भाबडी समजूत नाही.

दलाल हा आक्षेप आहे तसा सोडून मला पुढे जायचं नाही. बाजारात क्युरेटर दलाल होतो, पुष्कळदा झालेला आहे. खाजगी गॅलरीनं पैसे देऊन नेमलेला माणूस त्या गॅलरीच्या मालाबद्दल कडू शब्द लिहिणार नाही. पण यावरचा उपाय मधला माणूसच नको हा नव्हे. तो सरकारी संग्रहालयात, विद्यापीठात, नगरपालिकेच्या कलादालनात हवा, विक्रीशी ज्याचा संबंध नाही असा हवा. आज आपल्याकडची कलादालनं बहुतेक आठवड्याच्या भाड्यानं मिळतात. चित्रकार स्वतः पैसे भरतो, स्वतः टेम्पो करतो, स्वतः खिळे ठोकतो आणि स्वतःच दाराशी बसतो. त्याला वर आणखी शिक्षकाचंही काम सांगणं अन्याय आहे. 'तुला दिसतं तेच' म्हणून तो सुटतो, कारण तो थकलेला असतो.

भाषेचंही तसंच. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयासारख्या ठिकाणी क्युरेटर घडवणारे अभ्यासक्रम आहेत, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस शाळाशाळांत जाते, हे मी आनंदानं नोंदवतो. पण बहुतेक गॅलऱ्यांत भिंतीवरचा मजकूर इंग्रजीत असतो, आणि मराठीत असला तर तो अनुवाद असतो, तोही असा की वाचून इंग्रजी बरी वाटावी. 'कलाकार अवकाशाच्या संदिग्धतेशी संवाद साधतो.' कोण साधतो, कुणाशी, कशाला? संभाजी कदम, बाबुराव सडवेलकर, प्रभाकर कोलते यांनी चित्रांबद्दल मराठीत लिहिलेलं आहे. ती भाषा आपल्याकडे होती. ती भिंतीवर आली नाही, कारण भिंतीवर काय लिहायचं हे ठरवणारा मराठीतून विचार करणारा नव्हता. शासकीय कला महाविद्यालयांत वर्षानुवर्षं शिक्षकांच्या जागा रिकाम्या किंवा कंत्राटी राहिल्यावर तो येणार तरी कुठून?

तरी माझी मागणी मोठ्या बिएनालेची नाही. माझी मागणी एका पेपरची आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांना राज्यात दरवर्षी लाखो मुलं बसतात. देशात दुसरीकडे कुठे इतकी मुलं अशी परीक्षा देत असतील असं मला वाटत नाही. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. सगळे पेपर हाताचे. डोळ्याचा एकही नाही. एक चित्र छापून द्यावं आणि खाली विचारावं: दहा मिनिटं नुसतं बघ, मग जे दिसलं ते वीस ओळींत लिही. चित्रकाराचं नाव नको, जन्मसाल नको, गाईडमध्ये उत्तर सापडेल असं काही नको. तपासणं अवघड जाईल, हो. मॉडरेटर मंडळी वैतागतील. पण या लाखांतून दहा मुलं उद्या क्युरेटर होतील आणि बाकीची निदान चित्रासमोर पेन्सिल वर करणार नाहीत.

मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. चित्रकलेच्या वर्गात फळ्याशेजारी अमृता शेरगिल यांच्या 'तीन मुली' या चित्राची छापील प्रत महिनाभर लावून ठेवली. दर शुक्रवारी प्रत्येकानं एक चिठ्ठी लिहायची, आदल्या आठवड्यात लिहिलेलं पुन्हा लिहायचं नाही. पहिल्या शुक्रवारी सगळ्यांनी कपड्यांचे रंग लिहिले. दुसऱ्या शुक्रवारी कुणीतरी लिहिलं की तिघी एकमेकींकडे बघत नाहीत. तिसऱ्या शुक्रवारी मुलं कंटाळली, दोघांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या. चौथ्या शुक्रवारी आठवीतल्या एका मुलानं, जो एरवी वर्गात बोलतच नाही, लिहिलं: 'त्यांच्यासमोर कोणतरी उभं राहून काहीतरी ठरवतंय. तो माणूस चित्रात नाही.'

मी ती चिठ्ठी मुख्याध्यापकांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "सर, छान आहे. पण हे गुण कुठल्या रकान्यात धरायचे?" त्या चिठ्ठ्या अजून स्टाफरूमच्या कपाटात, बुटाच्या खोक्यात आहेत.